झेंडीपासून शब्दापर्यंत : आर्ची लीग

रेल्वेचा गार्ड हिरवी झेंडी दाखवतो आणि गाडी सुटते. लाल झेंडी दिसली की ती थांबते. या दोन झेंड्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. विमानवाहतुकीच्या बाल्यावस्थेत अमेरिकेतील एका विमानतळाची सारी शिस्त अशाच दोन झेंड्यांवर उभी होती. त्या झेंड्या हाती धरणाऱ्या माणसाचे नाव होते आर्ची विल्यम लीग. अमेरिकेतील पहिले हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. उघड्या मैदानावर उभे राहून झेंडी हलवण्यापासून सुरू झालेली त्यांची कारकीर्द देशाच्या हवाई वाहतूक सेवेच्या संचालकपदापर्यंत पोहोचली. त्या काळात झेंडीची जागा दिव्याने, दिव्याची जागा रेडिओने आणि रेडिओच्या जोडीला रडारने घेतली. वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातील आजची काटेकोर, कोरडी आणि पाठ केल्यासारखी वाटणारी भाषा याच स्थित्यंतरातून घडली. ती तशी का घडली आणि तिच्यातील एखादा शब्द सैल पडला तर काय होते, हे समजून घ्यायचे तर लीग यांच्या आयुष्याइतका चांगला धागा दुसरा सापडणे कठीण.

लीग यांचा जन्म १९०७ सालचा. राइट बंधूंच्या यंत्राने किटी हॉक येथे प्रथम झेप घेतली त्याला तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. त्यांचे बालपण सरले तेव्हा पहिले महायुद्ध संपले होते आणि युद्धासाठी बांधलेली शेकडो विमाने अमेरिकेत स्वस्तात विक्रीला निघाली होती. धाडसी तरुणांनी ती घेतली आणि गावोगाव फिरून हवाई कसरती दाखवण्याचा एक नवाच व्यवसाय सुरू झाला. आपल्याकडे जत्रेच्या हंगामात तंबूतले सिनेमे जसे गावामागून गाव फिरत, तशी ही विमाने शेतात उतरत, गर्दी जमवत, हौशी लोकांना पैसे घेऊन आकाशातून फिरवून आणत आणि पुढच्या गावाकडे निघून जात. लीग यांनी इलिनॉय आणि मिसुरी या राज्यांत असाच उडता तमाशा चालवला. ते परवानाधारक वैमानिक होते; शिवाय विमान आणि इंजिन या दोन्हींच्या दुरुस्तीचा परवानाही त्यांच्यापाशी होता. वैमानिकाला जमिनीवरून काय दिसते, काय दिसत नाही आणि उतरण्याच्या घाईत तो काय विसरतो, याची शिकवणी त्यांना या भटकंतीत मिळाली. पुढे तीच त्यांच्या कामी आली.

मिसुरी राज्यातील सेंट लुइस हे शहर त्या काळी विमानविद्येने झपाटलेले होते. शहराजवळच्या लॅम्बर्ट फील्ड या मैदानावरून १९२६ साली शिकागोला हवाई टपाल जाऊ लागले आणि त्या सेवेचा मुख्य वैमानिक होता चार्ल्स लिंडबर्ग. मे १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून निघून एकट्याने साडेतेहतीस तासांत अटलांटिक ओलांडून तो पॅरिसला उतरला. या पराक्रमासाठी सेंट लुइसच्या नागरिकांनी पैसा उभा केला होता, म्हणूनच विमानालाही शहराचे नाव मिळाले होते. या उड्डाणाने अमेरिकेत विमानाचे वेड पसरले. टपाल, प्रवासी, प्रशिक्षणार्थी, हौशी आणि कसरतपटू असे सगळे एकाच मैदानावर उतरू लागले. कोणी कोणत्या दिशेने यावे, आधी कोणी उतरावे, उडणाऱ्याने कोठे थांबावे, याचे बंधन जवळजवळ नव्हतेच. जो तो आपल्या डोळ्यांवर आणि दुसऱ्याच्या समंजसपणावर भिस्त ठेवून विमान चालवी. विमाने थोडी होती तोवर हे निभावले. ती वाढली तेव्हा मैदानावर कोणीतरी उभे राहून वाट दाखवण्याची गरज भासू लागली.

१९२९ साली हे काम लीग यांच्याकडे आले. त्या वेळी त्यांचे वय बावीसच्या आसपास होते. त्यांचा नियंत्रण मनोरा म्हणजे एक ढकलगाडी होती. ऊन लागू नये म्हणून तिच्यावर समुद्रकिनारी वापरतात तशी मोठी छत्री बसवलेली. गाडीत एक घडीची खुर्ची, जेवणाचा डबा, पिण्याचे पाणी, नोंदवही आणि दोन झेंड्या. रोज सकाळी हा सरंजाम ढकलत ते मैदानावर नेत आणि दिवसभर तेथेच असत. हिवाळ्यात वैमानिकांचा जाड, कापूस भरलेला पोशाख चढवून उभे राहत. त्या काळातील त्यांची छायाचित्रे विमानवाहतुकीच्या इतिहासावरील लिखाणात आजही हमखास छापली जातात.

दोन झेंड्यांपैकी एक चौकटी-चौकटींची होती आणि दुसरी लाल. चौकटीची झेंडी हलली की वैमानिकाने पुढे जायचे. लाल झेंडी दिसली की जागच्या जागी थांबायचे. लीग यांचा सगळा शब्दसंग्रह म्हणावा तर एवढाच. परंतु या तुटपुंज्या भाषेत एक गुण असा होता की तो पुढच्या कोणत्याही सुधारलेल्या साधनात आपोआप आला नाही. प्रत्येक खुणेला एकच अर्थ होता. लाल झेंडीचा अर्थ बहुधा थांबा, कदाचित जपून जा, असा कोणी लावू शकत नव्हता. बोलीचा, उच्चाराचा, घाईचा तिच्यावर परिणाम होत नव्हता.

मर्यादाही तितक्याच उघड होत्या. झेंडी अंधारात, पावसात किंवा धुक्यात दिसत नसे. वैमानिकाची नजर दुसरीकडे असली तर ती असून नसल्यासारखी. दोन विमाने एकदम आली तर झेंडी नेमकी कोणाला उद्देशून आहे, हे कळणे अवघड. सर्वांत मोठी उणीव ही की संवाद एकतर्फी होता. का थांबायचे, हे नियंत्रक सांगू शकत नव्हता आणि इंधन संपत आले आहे, हे वैमानिक कळवू शकत नव्हता. विमानांचा वेग आणि संख्या वाढत चालली तशी ही उणीव अधिक जाणवू लागली. झेंडीनंतर रंगीत प्रकाशाचा झोत थेट विशिष्ट विमानावर रोखणारे दिवे आले. संदेश कोणासाठी आहे, हा प्रश्न त्यामुळे सुटला; पण उत्तर देण्याची सोय झाली नाही. विमानाचे पंख किंचित हलवून संदेश पोहोचला असे दाखवणे, एवढेच वैमानिकाच्या हाती होते.

अटलांटिकपलीकडे हा प्रश्न आधीच पेटला होता. लंडन आणि पॅरिस यांच्यातील हवाई मार्गावर ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समधील पिकार्डी भागात एक इंग्रजी आणि एक फ्रेंच विमान समोरासमोर धडकले. दोन्ही विमानांतील सातही जण मरण पावले. धूसर हवेत दोन्ही वैमानिक जमिनीवरील रस्त्याच्या खुणेने विमान नेत होते. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० पासूनच मनोरा आणि रेडिओ होता. तेथील रेडिओ विभागाचे प्रमुख फ्रेडरिक मॉकफर्ड यांच्यावर संकटाच्या वेळी उच्चारण्याजोगा एक शब्द शोधण्याचे काम सोपवण्यात आले. जहाजांचा एसओएस हा संकेत तारायंत्राच्या कडकट्टासाठी उत्तम होता. परंतु दूरध्वनीसारख्या यंत्रावर एस हे अक्षर नीट ऐकू येत नसे. बहुतेक विमाने पॅरिसला ये-जा करत असल्याने इंग्रज आणि फ्रेंच या दोघांनाही पटकन समजेल असा शब्द हवा होता. मदत करा, या अर्थाच्या फ्रेंच शब्दाच्या उच्चारावरून मॉकफर्ड यांनी ‘मेडे’ हा शब्द सुचवला. फेब्रुवारी १९२३ मध्ये तो इंग्लिश खाडीवरील उड्डाणांसाठी लागू झाला आणि १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. रेडिओवर बोलायचे शब्द सहज सुचतील तसे वापरून चालत नाहीत, ते पारखून घ्यावे लागतात, ही जाण या एका शब्दाच्या निवडीत दिसते.

अमेरिकेत रेडिओने सुसज्ज असा पहिला नियंत्रण मनोरा १९३० साली क्लीव्हलंड येथे उभा राहिला. त्यानंतर थोड्याच काळात सेंट लुइसलाही रेडिओ मनोरा आला आणि ढकलगाडीवरचे लीग मनोऱ्यात जाऊन त्या विमानतळाचे पहिले रेडिओ नियंत्रक झाले. हातातील झेंड्या जाऊन समोर ध्वनिक्षेपक आला. आता वैमानिकाला कारण सांगता येत होते, वाऱ्याची दिशा कळवता येत होती, त्याची अडचण ऐकता येत होती. याच सुमारास, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू येथील धावपट्टीवर उतरले. त्यांच्या छोट्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. जगाच्या मोठ्या भागात वैमानिक आणि जमीन यांच्यात अजून एका शब्दाचीही देवाणघेवाण होत नव्हती, त्या काळात लीग बोलू लागले होते.

बोलण्याची सोय झाली तसा बोलण्यातला धोकाही आला. रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बटण दाबले तर ऐकणाऱ्याला नुसती शिट्टी किंवा खरखर ऐकू येते, आणि बोलणाऱ्याला मात्र आपण बोललो असेच वाटत राहते. इंजिनाचा आवाज, हवेतील विद्युतभार, परका उच्चार, अर्धवट ऐकलेला आकडा यांतून अर्थ निसटतो. माणसाचा स्वभाव असा की निसटलेला भाग तो आपल्या अपेक्षेने भरून काढतो. ज्याला उडायची घाई आहे त्याला परवानगी ऐकू येते. ज्याला उतरायचे आहे त्याला धावपट्टी मोकळी असल्याचे वाटते.

दरम्यान, विमानतळाच्या परिसरापुरते नियंत्रण अपुरे ठरू लागले. मे १९३५ मध्ये मिसुरी राज्यात झालेल्या एका विमान अपघातात सिनेटर ब्रॉन्सन कटिंग यांचा मृत्यू झाला आणि हवाई सुरक्षेचा प्रश्न वॉशिंग्टनच्या सभागृहात गाजला. त्याच वर्षी १ डिसेंबरला विमान कंपन्यांनी एकत्र येऊन न्यूअर्क येथे हवाई मार्गांवरील वाहतुकीचे पहिले केंद्र सुरू केले. टेबलावर नकाशा पसरून त्यावर विमानांच्या खुणा सरकवत तेथील माणसे अंदाज बांधत. वैमानिकाशी ती थेट बोलत नसत. कंपनीच्या कचेरीमार्फत निरोप जात आणि येत. जुलै १९३६ मध्ये संघराज्य सरकारने न्यूअर्क, शिकागो आणि क्लीव्हलंड ही तिन्ही केंद्रे ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, लीग सेंट लुइसची नोकरी सोडून सरकारच्या हवाई वाणिज्य विभागात दाखल झाले. मैदानावरचा माणूस आता साऱ्या देशाच्या आकाशाचे नियम करणाऱ्या यंत्रणेचा भाग झाला होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी वैमानिक म्हणून सेवा बजावली आणि ते कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले.

युद्धाने रेडिओच्या भाषेला वळण लावले. निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या उच्चारांचे वैमानिक एकाच आकाशात उडत होते. ‘रॉजर’ हा शब्द तेव्हाच जगभर रूढ झाला. संदेश मिळाला, या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आर. आणि त्या काळच्या अक्षरसंकेतात आर म्हणजे रॉजर. चित्रपटांमुळे या शब्दाला होकाराचा अर्थ चिकटला असला तरी नियमाने त्याचा अर्थ तेवढाच, की तुमचा संदेश मला पूर्ण मिळाला. तो मान्य आहे किंवा मी तसे करीन, असे त्यातून निघत नाही. सूचना पाळीन, असे सांगण्यासाठी ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे. आपण दूरध्वनीवर ‘हं’ म्हणतो तेव्हा आपण ऐकतो आहोत की कबूल करतो आहोत, हे समोरच्याला स्वरावरून ओळखावे लागते. घरगुती बोलण्यात त्याने बिघडत नाही. आकाशात मात्र ‘हं’च्या या दोन अर्थांसाठी दोन स्वतंत्र शब्द करावे लागले.

१९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना जन्माला आली आणि १९४७ पासून ती कामाला लागली. तिच्यापुढील कामांपैकी एक होते अक्षरांचे. बी, डी, पी, टी ही इंग्रजी अक्षरे खरखरीत रेडिओवर एकसारखी ऐकू येतात. म्हणून इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना सारख्याच सुलभतेने उच्चारता येतील असे शब्द निवडून, त्यांच्या चाचण्या घेऊन, अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी अक्षरमाला तयार झाली. १ मार्च १९५६ पासून ती अंतिम स्वरूपात अमलात आली. आकड्यांचेही तेच. नाइन आणि फाइव्ह यांची गल्लत होते म्हणून नऊचा उच्चार नायनर ठरला आणि पाचचा फाइफ. ऐकणाऱ्याने सूचना तशीच उलट म्हणून दाखवायची आणि सांगणाऱ्याने ती बरोबर आहे की नाही ते पडताळायचे, हा दंडकही रुजला. झेंडीच्या काळात पंख हलवून दिलेल्या पोचपावतीचेच हे विस्तारित रूप होते.

१९५० च्या दशकात अमेरिकेचे आकाश गजबजले. ३० जून १९५६ रोजी अॅरिझोनातील ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळून १२८ जण मरण पावले. तो भाग नियंत्रणाच्या बाहेरचा होता. तेथे वैमानिकांनी एकमेकांना पाहून टाळावे, असाच संकेत होता. लीग कसरतीची विमाने उडवत होते त्या काळातली ही रीत नव्या वेगाच्या विमानांना पुरी पडत नाही, हे या अपघाताने दाखवून दिले. १९५८ च्या कायद्याने अमेरिकेत स्वतंत्र संघीय विमान वाहतूक यंत्रणा स्थापन झाली. १६ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कवर पुन्हा दोन विमाने धडकली. विमानांतील १२८ आणि जमिनीवरील सहा, असे १३४ लोक गेले. त्यानंतर रडारचे जाळे, विमानातून आपला क्रमांक कळवणारी उपकरणे आणि नियंत्रकांचे प्रशिक्षण यांना वेग आला. या नव्या यंत्रणेत लीग एकेक पायरी चढत गेले आणि १९६० च्या दशकात हवाई वाहतूक सेवेचे संचालक झाले. छत्रीखाली बसून एका मैदानाकडे पाहणारा माणूस आता हजारो नियंत्रकांच्या सेवेचा प्रमुख होता. छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीनंतर १९७३ साली ते निवृत्त झाले.

त्यांच्या निवृत्तीनंतर चारच वर्षांनी विमानवाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात घडला. त्यात यंत्र बिघडले नव्हते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांतील तेनेरीफच्या लहानशा विमानतळावर अनेक मोठी विमाने अडकून पडली होती, कारण शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाला होता. धुके दाटले होते. डच कंपनी केएलएमचे जम्बो विमान धावपट्टीच्या टोकाला उड्डाणासाठी उभे होते आणि पॅन अॅमचे दुसरे जम्बो त्याच धावपट्टीवरून पुढे येत होते. मनोऱ्याला दोन्ही विमाने दिसत नव्हती, विमानांना एकमेकांचा पत्ता नव्हता. सगळी मदार रेडिओवरच्या शब्दांवर होती. नियंत्रकाने डच विमानाला उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे त्याची मंजुरी दिली. तिच्यात ‘टेकऑफ’ हा शब्द आला, पण ती उड्डाणाची परवानगी नव्हती. डच सहवैमानिकाने सूचना उलट म्हणून दाखवली आणि शेवटी असे काही जोडले, की आम्ही उड्डाणाच्या जागी आहोत किंवा उड्डाण करीत आहोत, असे दोन्ही अर्थ निघावेत. नियंत्रकाने ‘ओके’ म्हटले आणि लगेच थांबण्यास सांगितले. नेमक्या त्याच क्षणी आपण अजून धावपट्टीवर आहोत, असे पॅन अॅमच्या विमानातून सांगण्यात आले. दोन संदेश एकमेकांवर आदळले आणि डच विमानात ऐकू आली ती केवळ एक कर्कश शिट्टी. विमान धावतच राहिले. ५८३ माणसे मृत्यू पावली.

डच कप्तान अनुभवी होता, नियंत्रकाने परवानगी दिली नव्हती, पॅन अॅमच्या वैमानिकांनी सावध करण्याचा प्रयत्न केला होता. तरीही एका शब्दाचे दोन अर्थ निघाले आणि अनर्थ झाला. त्यानंतर जगभर नियम कडक झाले. ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असे ठरले. महत्त्वाच्या सूचनेला नुसते ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ हे उत्तर पुरेसे नाही. सूचना संपूर्ण उलट म्हणून दाखवली पाहिजे, यावर भर आला. परवानगीचा शब्द परवानगीखेरीज कोठेही दिसता कामा नये, ही चौकटीच्या झेंडीची शिस्त ५८३ जीव गमावून शब्दाला लावावी लागली.

लाल झेंडीच्या ‘होल्ड’ या शब्दानेही एकदा असाच घात केला. फेब्रुवारी १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा अॅना येथे उतरू पाहणाऱ्या विमानाला नियंत्रकाने उतरणे सोडून पुन्हा घिरटी घालण्यास सांगितले होते. कप्तानाने सहवैमानिकाशी बोलताना ‘होल्ड’ हा शब्द वापरला. रेडिओच्या भाषेत त्याचा अर्थ थांबणे; रोजच्या इंग्रजीत मात्र चालले आहे तेच चालू ठेवणे, असाही अर्थ होतो. कप्तानाला उतरणे चालू ठेवायचे होते, असे या अपघाताचा अभ्यास करणारे भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन कुशिंग यांनी दाखवून दिले. या घोटाळ्यात चाके न सोडताच विमान धावपट्टीवर घासत गेले. अनेक जण जखमी झाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. लीग यांच्या झेंडीला घरचा आणि कामाचा असे दोन अर्थ नव्हते. शब्दाला ते असतात, आणि ताणाच्या क्षणी माणूस नकळत घरच्या अर्थाकडे वळतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील नियंत्रकांनी कामाचे तास, ताण आणि वेतन या प्रश्नांवर संप पुकारला. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ११ हजारांहून अधिक नियंत्रकांना कामावरून काढून टाकले. लीग यांनी जी सेवा उभी राहताना पाहिली आणि पुढे सांभाळली, तिच्यावरील हा सर्वांत मोठा आघात होता. या कामाला किती एकाग्रता लागते आणि ती किती झिजवते, याची चर्चा त्या निमित्ताने सर्वसामान्य प्रवाशांपर्यंत पोहोचली. १ ऑक्टोबर १९८६ रोजी लीग यांचे निधन झाले.

शब्दांची लढाई त्यांच्यामागेही सुरूच राहिली. फेब्रुवारी १९८९ मध्ये क्वालालंपूरजवळ एका मालवाहू विमानाला २४०० फुटांवर उतरण्याची सूचना देताना आकडे सुटे उच्चारले गेले. त्यातला पहिला ‘टू’ म्हणजे दोन. वैमानिकांनी तो पर्यंत या अर्थाचा ‘टू’ समजला आणि ते ४०० फुटांकडे निघाले. विमान डोंगरावर आदळून चौघे दगावले. जानेवारी १९९० मध्ये कोलंबियाच्या एव्हिआंका कंपनीचे विमान न्यूयॉर्कवर दीर्घकाळ घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी कळवले, प्राधान्यही मागितले. परंतु मेडे किंवा आणीबाणी हे ठरलेले शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. नियंत्रकांना प्रसंगाची निकड कळली नाही. इंधनाअभावी विमान कोसळले आणि ७३ जण गेले.

भारताला या प्रश्नाची झळ १२ नोव्हेंबर १९९६ रोजी बसली. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे विमान आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान हरियाणातील चरखी दादरीवर एकमेकांवर आदळले. दोन्ही विमानांतील ३४९ जणांपैकी कोणीही वाचले नाही. हवेत झालेल्या टकरींत आजवरची ही सर्वाधिक प्राणहानी. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहण्यास सांगितले होते, ते त्याखाली उतरले. वैमानिकांना इंग्रजी नीट न उमगणे, हे चौकशीत पुढे आलेल्या कारणांपैकी एक होते. आंतरराष्ट्रीय संघटनेने २००३ मध्ये वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजी संभाषणाची किमान पातळी ठरवली आणि २००८ पासून ती बंधनकारक केली. ठराविक शब्द पाठ असणे पुरत नाही. प्रसंग वेगळा उद्भवला तर साध्या वाक्यात अडचण सांगता आली पाहिजे, ही या नियमामागची भूमिका होती.

अमेरिकेतील नियंत्रकांच्या संघटनेने पुढे आपल्या सुरक्षा पदकाला आर्ची लीग यांचे नाव दिले. संकटात सापडलेल्या विमानाला प्रसंगावधान राखून वाचवणाऱ्या नियंत्रकांना ते दिले जाते. असे प्रसंग बहुधा रेडिओवरचेच असतात : वाट चुकलेला नवखा वैमानिक, बंद पडलेले इंजिन, ढगात हरवलेले छोटे विमान, आणि त्याला धीर देत एकेक सूचना सावकाश, स्पष्ट, पुन्हा म्हणून दाखवायला लावणारा जमिनीवरचा आवाज.

उपग्रह आणि संगणक यांच्या साहाय्याने चालणाऱ्या आजच्या मनोऱ्यांतही एक जुने साधन ठेवलेले असते. विमानाचा रेडिओ बंद पडला तर वैमानिक आपल्या उपकरणावर ७६०० हा आकडा लावतो. नियंत्रकाला तो पडद्यावर दिसतो आणि मग तो हातातील दिव्याचा झोत त्या विमानावर रोखतो. उतरण्यास मोकळीक असेल तर स्थिर हिरवा प्रकाश, नसेल तर लाल. दिवसा वैमानिक पंख हलवून उत्तर देतो. सगळे शब्द मुके झाल्यावरही दोघांमध्ये दोन खुणा शिल्लक उरतात, आणि त्यांचा अर्थ १९२९ साली सेंट लुइसच्या मैदानावर होता त्याहून फारसा वेगळा नाही.